गाडीचे वॅक्स मशीनने लावावे, पण मशीननेच काढावे का?

कोथरूडचा_चालक

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे गडद निळ्या रंगाची सेडान आहे. तिची धुलाई आणि वॅक्स ही दोन्ही कामे मी आजवर हातानेच करत आलो आहे. उन्हात दिसणारे गोलाकार बारीक ओरखडे घालवण्यासाठी अलीकडे ड्युअल अ‍ॅक्शन पॉलिशर घेतला आणि त्या कामात तो उत्तम ठरला. आता दसरा जवळ आल्याने वॅक्स करायचे आहे. त्याच मशीनला मऊ फोमचा पॅड लावून वॅक्स पसरवावे आणि वाळल्यावर मायक्रोफायबरचे कव्हर चढवून मशीननेच पुसून काढावे, असा विचार मनात आहे.

माझा अंदाज असा की, लावण्यासाठी मशीन हातापेक्षा सरस ठरेल, कारण थर सारखा आणि पातळ बसेल. काढण्याच्या बाबतीत मात्र मन धजत नाही. इतक्या कष्टाने ओरखडे घालवलेल्या रंगावर फिरते कापड टेकवायचे म्हणजे धोका वाटतो. माझ्याजवळ डबीतले घट्ट कार्नोबा वॅक्स आणि बाटलीतले पातळ सिंथेटिक वॅक्स, असे दोन्ही आहे. ज्यांनी ही दोन्ही कामे मशीनने केली आहेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

नळस्टॉप

मशीनने लावा, हाताने काढा. सेडानला पुसायला वेळ तो कितीसा लागतो?

रंगशाळा

पिंपरी-चिंचवड भागात गाड्यांच्या रंगाचे काम करणे हा माझा व्यवसाय आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

ड्युअल अ‍ॅक्शन मशीनची बॅकिंग प्लेट (जिच्यावर पॅड बसतो ती चकती) मोटरच्या अगदी मध्यावर बसवलेली नसते. ती मध्यापासून किंचित बाजूला असते आणि बेअरिंगवर मोकळी फिरते. त्यामुळे पॅड छोट्या कक्षेत घुमतो आणि त्याच वेळी स्वतःभोवतीही फिरतो. हाताचा दाब वाढला की स्वतःभोवतीचे फिरणे मंदावते, कधी थांबतेही, आणि नुसती थरथर उरते. पॉलिश करताना हे होऊ द्यायचे नसते, म्हणून आम्ही प्लेटच्या कडेला मार्करने एक रेघ ओढून ठेवतो. रेघ फिरताना दिसली की पॅड फिरतो आहे हे कळते. वॅक्स पसरवताना मात्र रंगातून काहीही कापायचे नसल्यामुळे या फिरण्याला फारसे महत्त्व नाही. एक ते सहा आकड्यांच्या डायलवर दोनच्या आसपासचा वेग पुरतो आणि दाब म्हणाल तर मशीनचे स्वतःचे वजन पुरेसे असते. वेग वाढवल्यास वॅक्स काचेवर आणि काळ्या प्लास्टिकवर उडते, दुसरे काही साधत नाही.

खरी मेख थराच्या जाडीत आहे. मध्यम आकाराच्या संपूर्ण गाडीला पातळ वॅक्स साधारण ३० मिलिलिटर पुरते, आणि सवय झाली की त्याहूनही कमी लागते. सुरुवातीला कोऱ्या पॅडच्या पृष्ठभागावर वॅक्स बोटाने चोळून तो ओलावून घ्यावा, नंतर प्रत्येक भागाला तीनचार थेंब द्यावेत. घट्ट वॅक्स असेल, तर पॅड मशीनवरून काढून डबीत हलकेच फिरवावा. बोनेटवर थर बसला की बाजूने विजेरीचा उजेड टाकून पाहा. धुरकट पडद्याआडून खालचा रंग स्पष्ट दिसत असेल, तर थर बरोबर आहे. पांढरे पट्टे दिसत असतील, तर वॅक्स जास्त झाले आहे. जास्तीचे वॅक्स रंगाचे अधिक रक्षण करत नाही. तेवढे सगळे शेवटी कापडावर निघून येते.

काढण्याच्या बाबतीत मी स्वतः हाताचाच पक्षपाती आहे. पुसताना एखादा खडा कापडाखाली आला, तर हाताला तो लगेच जाणवतो आणि आपण थांबतो. मशीनच्या कंपनात तो जाणवत नाही, आणि जाणवेपर्यंत कव्हर त्या जागेवरून कितीतरी वेळा फिरून गेलेले असते.

सिंहगड_रोडवासी

रंगशाळा साहेबांशी लावण्याच्या बाबतीत पूर्ण सहमत, काढण्याच्या बाबतीत मात्र आदरपूर्वक असहमत.

आमची सात आसनी एसयूव्ही आहे. तिच्या टपाच्या मध्यापर्यंत स्टुलावर उभे राहून हात पोहोचवावा लागतो, आणि तशा अवस्थेत पुसताना माणूस नकळत तळहातापेक्षा बोटांच्या टोकांनी जोर देतो. हा असमान दाब आपण लक्षात घेत नाही आणि दोष तेवढा मशीनला देतो. स्वच्छ आणि मऊ फोम पॅडवर जाड लोकरीसारखा पोत असलेले मायक्रोफायबरचे कव्हर चढवले, वेग तीन ते चारच्या दरम्यान ठेवला आणि मशीन नुसते धरून चालवले, तर कापड संपूर्ण पृष्ठभागावर सारखे टेकते. माझ्या गाडीवर दरवर्षी हेच होते आणि रंगावर त्याचा कोणताही मागमूस नाही.

अटी मात्र आहेत आणि त्या पाळल्या पाहिजेत. एक कव्हर संपूर्ण गाडीला कधीही वापरू नये. बोनेट आणि पुढचे दोन्ही फेंडर (पुढच्या चाकांवरचे पत्रे) झाले की ते झटकून उलटे करावे किंवा बदलावे, कारण पुसलेले वॅक्स धाग्यांत साचून कडक होते. कव्हर पॅडच्या मापाचेच असावे. सैल कव्हर सरकते आणि त्याची शिवण रंगावर येते. कव्हरला नाडी असेल, तर ती आत खोचून पक्की करावी, कारण सुटलेली नाडी फिरताना रंगावर फटके मारते. मशीन झाल्यावर दुसऱ्या कोरड्या कापडाने एकदा हाताने पुसणे आहेच. तेवढ्याने खांद्याला त्रास होत नाही.

पाषाणची_पूर्वा

लावायचे कसे आणि काढायचे कसे यावर छान चर्चा चालू आहे, परंतु त्याआधीच्या तयारीबद्दल कुणी लिहिले नाही, म्हणून मी लिहिते. काढताना कव्हरखाली येणारा खडा आकाशातून पडत नाही. तो आधीपासूनच रंगावर बसलेला असतो.

आमच्या भागात उन्हाळ्यात टँकर आणि एरवी बोअरवेलचे पाणी असते. खडकवासल्याचे नळाचे पाणी आणि हे पाणी यांत फार फरक आहे. बोअरच्या पाण्याने धुतलेली गाडी उन्हात वाळली, की प्रत्येक थेंबाच्या जागी क्षारांचे पांढरे कडे उरते. त्यावर वॅक्स लावले की कडे झाकले जात नाही, उलट गडद रंगावर ते अधिक उठून दिसते. पुण्यातल्या जुन्या रस्त्यांवर वर्षावृक्षांची दाट सावली आहे आणि उन्हाळ्यात लोक हौसेने त्याखाली गाडी लावतात; तिथे काचेवर आणि टपावर जो चिकट थर बसतो, तो नुसत्या शाम्पूने निघत नाही. म्हणून माझा क्रम असा: भरपूर पाण्याने धुणे, क्ले बारने (रंगावर चिकटलेली घाण ओढून घेणाऱ्या मऊ वडीने) रंग गुळगुळीत करणे, क्षारांचे डाग असतील तर ते आधी काढणे, गाडी कापडाने पूर्ण कोरडी करणे, आणि मगच वॅक्सची डबी उघडणे. प्लास्टिकच्या पातळ पिशवीत हात घालून बोटे रंगावरून फिरवली, की खरखर लगेच कळते. ती संपेपर्यंत मशीन कपाटातच ठेवावे.

पद्मिनी_११००

पूर्वाताईंनी फार मोलाचे लिहिले आहे.

माझ्याजवळ प्रीमियर पद्मिनी आहे आणि तिचा रंग जुन्या पद्धतीचा, म्हणजे वर क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) नसलेला आहे. अशा गाडीवर मशीन चालवले की पॅडला गाडीचाच रंग लागतो. पहिल्यांदा पाहणारा माणूस घाबरतो, पण हवेने आणि उन्हाने मेलेला वरचा थर निघतो आहे एवढाच त्याचा अर्थ. नुसते वॅक्स असेल, तर हा रंग अगदी थोडा येतो. तो भरपूर येऊ लागला, तर आपल्या वॅक्समध्ये घासणारे कण आहेत असे समजावे. अशा जुन्या रंगांना कार्नोबा फार शोभते, कारण त्याने रंगाला खोली येते. कार्नोबा हे ईशान्य ब्राझीलमध्ये वाढणाऱ्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरचे मेण आहे. ते नुसते घेतले तर अत्यंत कठीण असते आणि ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळते. डबीत ते तेले आणि द्रावक यांच्यात मिसळलेले असते, म्हणून पसरते. द्रावक उडून गेला की मागे धुरकटपणा उरतो आणि आपण तोच पुसतो.

नळस्टॉप

पद्मिनीकाका, घासणारे कण असलेले वॅक्स आणि नसलेले वॅक्स ओळखायचे कसे? माझ्या बाटलीवर फक्त पॉलिश वॅक्स एवढेच लिहिले आहे.

रंगशाळा

@नळस्टॉप, बाटलीवर क्लीनर वॅक्स, पॉलिश वॅक्स किंवा वन स्टेप असे काही लिहिले असेल, तर त्यात बहुधा सौम्य घासणारे कण असतात. बोटावर थोडे घेऊन दोन बोटांत चोळून पाहिल्यास काही वेळा कण जाणवतात, परंतु अत्यंत बारीक कण जाणवत नाहीत, म्हणून माहितीपत्रक वाचणे उत्तम. अशा वॅक्ससाठी मी वर लिहिलेला नियम लागू होत नाही. ते नुसते पसरवून भागत नाही, वेग चार-पाचवर नेऊन छोट्या चौकोनात आडवे-उभे फिरवत काम करावे लागते, आणि इथे मशीन हातापेक्षा निर्विवाद श्रेष्ठ आहे. फक्त हे दर महिन्याला करू नये. आजच्या गाड्यांच्या रंगाची एकूण जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन असते आणि त्यात क्लिअर कोटचा वाटा ४० ते ५० मायक्रॉनचा. शुद्ध वॅक्सने त्यातले काहीच जात नाही, कणांच्या वॅक्सने दर वेळी थोडे थोडे जाते.

औंधचा_आशुतोष

आता काळ सिरॅमिक कोटिंगचा, म्हणजे रंगावर दिल्या जाणाऱ्या टिकाऊ संरक्षक थराचा आहे. वर्षातून दोनतीनदा वॅक्स करत बसण्यापेक्षा एकदाच कोटिंग करून दोन-तीन वर्षे निश्चिंत राहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पद्मिनी_११००

आशुतोषराव, निश्चिंत हा शब्द जरा जपून वापरावा. क्षारांचे डाग कोटिंगवरही पडतात, आणि पक्ष्यांची विष्ठा तिथेही लगेच धुवावी लागते. कोटिंग अधिक टिकते हे निःसंशय खरे आहे. मात्र ज्याला आपल्या गाडीवर हात फिरवण्यात आनंद आहे, त्याच्यासाठी वॅक्स हे काम नसून सुट्टीच्या दिवसाची सकाळ आहे.

औंधचा_आशुतोष

हे मान्य. कोटिंगवर वॅक्स लावता येते का, हेही कुणी सांगावे.

रंगशाळा

लावता येते, पण मग पाणी कोटिंगच्या गुणाने नव्हे, तर वरच्या वॅक्सच्या गुणाने ओघळते, आणि पैसे कोटिंगचे गेलेले असतात. मॅट रंगाच्या गाडीवर मात्र चकाकी आणणारे कोणतेही वॅक्स लावू नये, मशीनने नाही आणि हातानेही नाही.

कोथरूडचा_चालक

सर्वांचे मनापासून आभार. आणखी दोन शंका आहेत. पावसाळी हवेत वॅक्स वाळले आहे हे नक्की कसे ओळखावे? आणि बंपरच्या काळ्या प्लास्टिकवर लागलेले वॅक्स पांढरे पडते, त्यावर उपाय काय?

सिंहगड_रोडवासी

वाळल्याची परीक्षा बोटाने करावी. एका कोपऱ्यात स्वच्छ बोटाने छोटी रेघ ओढा. रेघेखाली रंग लख्ख दिसला आणि कडांना भुकटी राहिली, तर काढायला हरकत नाही. रेघ तेलकट फासली गेली, तर थांबा. सप्टेंबरच्या दमट हवेत हे थांबणे नेहमीपेक्षा बरेच लांबते. पार्किंगमध्ये उभा पंखा लावल्यास मदत होते. उलट मे महिन्यात उन्हातून आणलेल्या तापलेल्या पत्र्यावर वॅक्स लावले, तर द्रावक क्षणात उडतो, थर जागच्या जागी चिकटतो आणि मग मशीन असो वा हात, सगळ्यांचाच घाम निघतो. पत्र्यावर तळहात आरामात टेकवता आला पाहिजे.

काळ्या प्लास्टिकवर आधीच मास्किंग टेप लावणे हाच सर्वांत चांगला उपाय. तरीही डाग पडला, तर शाळेतल्या साध्या पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने घासावे, पुष्कळदा तो निघतो. राहिलेला भाग मऊ ब्रशने आणि साबणाच्या पाण्याने धुवावा.

तळजाई

वीजपुरवठ्याबद्दल एक सूचना. तीन पिनांची, अर्थिंग असलेली एक्स्टेंशनच वापरावी आणि मशीनची वायर खांद्यावरून पाठीमागे सोडावी. पुष्कळ जण पॅडची एवढी काळजी घेतात आणि वायर मात्र दारावर घासत राहते. पट्ट्याचे बक्कल, मनगटावरचे घड्याळ आणि अंगठी हीही उतरवून ठेवावीत. आमच्या सोसायटीत मशीनचा आवाज सुरू झाला की शेजारी आपापल्या गाड्यांच्या किल्ल्या घेऊन खाली येतात, त्यामुळे कव्हरे जरा जास्तच आणून ठेवावीत, हेही सुचवतो. नाना पेठेत गाड्यांच्या साहित्याच्या दुकानांत विचारून पाहा. फक्त कव्हर बोटांनी चोळून, त्याचा पोत आणि शिवण पाहून घ्या.

नळस्टॉप

मी सुरुवातीला हाताने काढा असे लिहिले, त्यामागचे कारण सांगायचे राहून गेले. आमच्या मेहुण्यांची काळी गाडी एका गॅरेजमध्ये पॉलिश आणि वॅक्ससाठी दिली होती. तिथे एकाच अक्षावर फिरणारे रोटरी मशीन आणि लोकरीचा पॅड वापरून सगळे उरकले गेले. सावलीत गाडी आरशासारखी दिसत होती. दुसऱ्या दिवशी ऊन पडले आणि बोनेटवर, दोन्ही बाजूंच्या दारांवर, पॅडच्या फिरण्याचे लांब चमकते पट्टे दिसू लागले. वॅक्सने ते काही आठवडे झाकले आणि मग ते पुन्हा उघडे पडले. तेव्हापासून मशीनने वॅक्स काढणे म्हटले की मला तेच पट्टे आठवतात.

रंगशाळा

नळस्टॉप, तुमच्या मेहुण्यांच्या गाडीचे जे झाले ते वाईट झाले, आणि असे काम आमच्याकडे दुरुस्तीसाठी नेहमी येते. परंतु तो दोष वॅक्स काढण्याचा नसून रोटरी मशीनवर लोकरीच्या पॅडने केलेल्या घासाईचा आहे. लोकरीनंतर मऊ फोमने दुसरी फेरी करायला हवी होती, ती टाळली गेली. रोटरीमध्ये पॅड मोटरला थेट जोडलेला असतो, दाब दिला तरी तो थांबत नाही, आणि एकाच दिशेने फिरत असल्याने ओरखडेही एकाच दिशेचे उमटतात. वॅक्स लावण्यासाठी किंवा काढण्यासाठी रोटरी मशीन कुणीही वापरू नये, या मताशी मी ठाम आहे. या धाग्यावर जिथे मशीन असे लिहिले आहे, तिथे ड्युअल अ‍ॅक्शनच समजावे, अशी सर्वांना विनंती.

पाषाणची_पूर्वा

दसऱ्याचा उल्लेख झाला म्हणून सांगते. वॅक्स पूजेच्या आधी दोनतीन दिवस करून ठेवावे. कुंकवाचा रंग ओला झाला की पांढऱ्या गाडीवर डाग धरतो. वॅक्स असेल तर तो पुसून जाण्याची शक्यता पुष्कळ वाढते. झेंडूचा हार तारेत ओवलेला असतो, ती तार बोनेटवर ठेवून गाडी चालवू नये. हार दोऱ्याने पुढच्या जाळीला बांधावा.

आणखी एक विचारायचे होते. आमच्या गाडीचे मागचे दार नुकतेच नव्याने रंगवून घेतले आहे. त्यावर वॅक्स चालेल का?

रंगशाळा

ताई, त्या दाराला सध्या वॅक्स लावू नका. नव्या रंगातील द्रावक बरेच दिवस हळूहळू बाहेर पडत असतो आणि वरून वॅक्सचा थर दिला तर त्याला अडथळा होतो. साधारणपणे ६० ते ९० दिवस थांबायला सांगतात. तुमच्या दारावर कोणता रंग मारला आहे हे रंगवणाऱ्याला विचारून त्याप्रमाणे ठरवा. तोवर ते दार साध्या पाण्याने धुवा आणि मऊ कापडाने टिपून घ्या.

कोथरूडचा_चालक

काल पूर्ण गाडी केली. पूर्वाताईंच्या क्रमाने तयारी केली, पातळ वॅक्स मशीनने लावले आणि बोनेटच्या मधोमध टेप लावून डावा भाग मशीनने व उजवा हाताने काढला. विजेरीच्या उजेडात दोन्ही भागांत मला कोणताही फरक दिसला नाही. फरक पडला तो कामाच्या पद्धतीत. मशीनने काढताना भुकटी उडून बोनेट आणि फेंडरमधल्या फटीत, तसेच पेट्रोलच्या झाकणाच्या कडेला जाऊन बसली आणि ती ब्रशने काढावी लागली. हाताने काढताना ती कापडातच राहिली. दारांच्या मुठी, आरसे, नंबरप्लेटभोवतीचा भाग आणि दारावरची उठावदार रेघ इथे मी मशीन टेकवलेच नाही. टप आणि बोनेट मात्र यापुढे मी मशीननेच काढीन आणि दारे हाताने. घट्ट कार्नोबा मशीनवर चालवून पाहिले, पण पॅडमध्ये ते फार शिरते. ते हाताच्या स्पंजनेच लावणे मला अधिक किफायतशीर वाटले.

सिंहगड_रोडवासी

टप मशीनने, एवढे मान्य झाले तरी मला आनंद आहे. भुकटी उडते याचा अर्थ थर अजून थोडा जाड बसतो आहे. पुढच्या वेळी थेंब कमी करून पाहा.

रंगशाळा

उठावदार रेघेवर मशीन टेकवले नाही हे उत्तम केले. पत्र्याच्या कडांवर रंग नेहमीच पातळ असतो.

तळजाई

कव्हरे आणि पॅड धुवायचे कसे, हेही कुणी लिहावे. घरच्या वॉशिंग मशीनमध्ये टाकले तर चालतात का?

पद्मिनी_११००

कव्हरे चालतात, परंतु सुती कपड्यांबरोबर अजिबात टाकू नयेत, कारण सुताचा कचरा मायक्रोफायबरमध्ये अडकून बसतो. पातळ डिटर्जंट आणि कोमट पाणी वापरा. कपडे मऊ करणारे द्रावण घालू नका, त्याने धागे बुजतात आणि कापड पुसण्याऐवजी फासू लागते. फोमचे पॅड मात्र हातानेच, साबणाच्या पाण्यात दाबून दाबून धुवा, पिळू नका, नाहीतर वेल्क्रोची पाठ सुटते. सावलीत, फोमची बाजू खाली ठेवून वाळवा, म्हणजे पाणी वेल्क्रोच्या डिंकात मुरत नाही.